नानांच्या दुकानातली लोकर

आमची लष्करी पोस्ट एका खिंडीच्या खाली होती. ऑक्टोबरअखेर रस्ता बंद व्हायचा. त्यानंतर मेपर्यंत पोस्टबाहेर जायचं तर पायात स्की हवीच. मी तिथे दोन हिवाळे काढले. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या डाव्या पायाची दोन बोटं गेली आणि मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. मी आता रावेरला असतो.

धुळ्याची काही मुलं यंदा हिमालयात स्की-टूरिंगला निघाली आहेत. म्हणजे लिफ्ट नाही, तयार उतार नाही. डोंगर स्कीवर चढायचा आणि स्कीवरच उतरायचा. कपडे कोणते घ्यावेत, सामान कोणतं घ्यावं, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती. त्यांना जे सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो. यात एका माणसाचं मरण आहे, म्हणून ते गोड करून लिहिता येणार नाही.

आमचे उस्ताद हवालदार ठाकूर हिमाचलचे होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बर्फात उभं केलं आणि म्हणाले, "ठंड से कोई नहीं मरता. पसीने से मरता है."

आम्ही खान्देशची पोरं. घामाला कोण घाबरतं? आमच्याकडे मे महिन्यात रुमाल ओला करून डोक्याला बांधतात. अंगातला सुती सदरा घामानं भिजला की बरं वाटतं, कारण ओलं सूत गार ठेवतं. बर्फातही ते तेच काम करतं. तिथे तेच काम जीव घेतं.

म्हणून अंगाला लागून लोकरीचा इनर. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. त्यावर फ्लीसचा हलका, उबदार थर. त्यावर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचं. ते चढताना घालायचं नाही, थांबलो की लगेच घालायचं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल, तर अर्ध्या तासात तुम्ही घामानं चिंब होणार. हातमोजे दोन जोड: चढायला पातळ, उतरायला जाड. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या असतात, त्यांना स्किन म्हणतात. थांबल्यावर त्या जॅकेटच्या आत ठेवा, नाहीतर त्यांचा गोंद गोठतो. हिमस्खलनात दबलेल्याला शोधणारा बीकन, लांब सळई आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. एकाच्या सॅकमध्ये सगळ्यांचं नको.

आमच्या भागात थंडीत केळीच्या घडाला पिशवी घालतात. त्यावरून गोकुळ मला चिडवायचा.

"केळीवाल्या, तुमना घडसले जेवढा कपडा शेत, तेवढा माले बी नही."

गोकुळ एरंडोलजवळच्या गावचा. घरी कापूस. आम्ही एकाच दिवशी भरती झालो आणि एकाच सेक्शनमध्ये आलो. तो माझ्याशी अहिराणी बोलायचा, मी त्याच्याशी आमच्या रावेरकडचं बोलायचो. बाकीच्यांना दोन्ही कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आम्ही रोज भांडतो.

पलटणीनं दिलेले लोकरीचे इनर चांगले होते, पण दोनच. रोज पेट्रोल, म्हणजे गस्त, असली की बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, टांगलेला इनर सकाळपर्यंत वाळायचा नाही. शिवाय ते टोचायचे. म्हणून सुट्टीवर आलेली पोरं परत जाताना धुळ्यात देवपूरला नानांच्या दुकानात जायची आणि तिसरा जोड घ्यायची.

नाना स्वतः माजी सैनिक. बर्फात नोकरी केलेला माणूस. दुकानात त्यांचा स्कीवरचा फोटो होता, गळ्यापर्यंत जाड लोकर घातलेला. आलेल्या प्रत्येक फौजीला ते भाचा म्हणायचे आणि आधी चहा पाजायचे. त्यांनी आमच्यासमोर इनर आणि मोजे ठेवले. लेबलवर लिहिलं होतं, शुद्ध लोकर. गोकुळनं इनर गालाला लावून पाहिला.

"कितला मऊ शे रे. टोचत बी नही."

उस्तादांनी आम्हाला एक परीक्षा शिकवली होती. धागा जाळायचा. लोकर आक्रसते, ज्योत काढली की विझते आणि केस जळल्याचा वास येतो. सूत वातीसारखं जळत राहतं. मी खिशातून काडेपेटी काढली.

गोकुळनं माझा हात धरला. "काय करी राह्यना? आपला माणूस शे तो. नाना आपले फसाडाव नही."

नाना हसले. म्हणाले, "लाव काडी, भाचा. खुशाल लाव. फक्त मग मला नाना म्हणू नको."

ज्यांना खान्देश माहीत आहे, त्यांना हे वाक्य माहीत आहे. आपल्या माणसाच्या मालाची परीक्षा घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. आमच्याकडे ते कोणी करत नाही. नानांना हे पक्कं ठाऊक होतं. माझी काडी त्यांनी नात्यानं विझवली. गोकुळनं दोन इनर घेतले, मी फक्त मोजे घेतले.

दुसऱ्या हिवाळ्यातल्या एका पेट्रोलच्या सकाळी सहा वाजता किट चेक झालं. आम्ही आठ जण होतो. उस्ताद प्रत्येकाच्या कॉलरमध्ये बोटं घालून इनर चाचपायचे. गोकुळजवळ थांबले.

"ये क्या पहना है?"

"ऊनी है, उस्ताद. पलटनवाले दोनों गीले हैं. ये नया है."

"कहाँ से लिया?"

"नाना से. अपना आदमी है. फौजी है, उस्ताद."

फौजी म्हटल्यावर उस्तादांनी हात काढून घेतला. एका फौजीनं दुसऱ्याला दिलेल्या वस्तूवर त्यांचाही विश्वास होता.

चढ उन्हात होता. वारा नव्हता. गोकुळचा चेहरा घामानं चमकत होता, जॅकेटची चेन त्यानं उघडी टाकली होती. साडेदहाच्या सुमारास आम्ही खिंडीच्या तोंडाशी पोचलो आणि तिथे पुढच्या जवानाच्या स्कीचं बाइंडिंग उखडलं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा सांधा. तो गेला की माणूस कमरेइतक्या बर्फात अडकतो. दुरुस्तीशिवाय पुढेही जाता येत नव्हतं, मागेही येता येत नव्हतं.

उस्ताद म्हणाले, "सब डाउन पहनो. दो आदमी मरम्मत करो."

सगळ्यांनी पिसांची जॅकेटं चढवली. मी आणि गोकुळ दुरुस्तीला बसलो. मी स्की धरली, तो तार आवळत होता. वारा सुरू झाला होता. तो म्हणाला, "आसोदानं भरीत आनि कळण्यानी भाकर भेटनी ना, ते मी हाई स्की दातघाई वाकाडसू." मी म्हणालो, दातांनी नंतर वाकव, आधी पक्कड नीट धर. त्याच्या हातून ती दोनदा पडली होती.

तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यानं ती उचललीच नाही. काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. अहिराणी मला सहा वर्षांत नीट कळायला लागली होती. हे अहिराणी नव्हतं. जीभ जड झाली होती. मी उस्तादांना हाक मारली.

ते येईपर्यंत गोकुळनं हातमोजे काढून फेकले होते आणि जॅकेटची चेन ओढत होता.

"गरम व्हई राह्यनं रे. बठ्ठं काढ. गरम व्हई राह्यनं."

शरीर हरायला लागलं की असं होतं. हे आम्हाला शिकवलेलं होतं. उस्तादांनी त्याला आडवा केला, चौघांना वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि चाकूनं त्याचा इनर छातीवरून फाडून काढला. तो ओला होता. नुसता दमट नाही, ओला. उस्तादांनी तो मुठीत पिळला आणि बर्फावर पाणी पडलं.

ते म्हणाले, "ये ऊन नहीं है."

त्यांनी स्वतःचा कोरडा फ्लीस त्याला घातला. आम्ही त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घातलं. उस्तादांनी रेडिओ घेतला.

"बेस, एक जवान ठंडा पड़ रहा है. चॉपर चाहिए. ओवर."

"ऊपर हवा बहुत है. चॉपर नहीं आएगा. नीचे लाओ. ओवर."

"रॉजर."

गोकुळच्या दोन आणि बाइंडिंग उखडलेल्या जवानाच्या दोन स्की दोरीनं बांधून आम्ही स्लेज केली; तो जवान तिच्यामागच्या दाबलेल्या वाटेनं चालत आला. मी डोक्याच्या बाजूला होतो. उतरताना मी त्याच्याशी बोलत राहिलो. आधी तो हुंकार द्यायचा. पोस्ट दिसायला लागली तेव्हा हुंकारही थांबला. नर्सिंग असिस्टंटनं बराच वेळ प्रयत्न केले. मग त्यानं उस्तादांकडे पाहिलं आणि मान हलवली.

रात्री बूट काढले तेव्हा माझी दोन बोटं पांढरी पडली होती. मोजे नानांचेच होते.

हॉस्पिटलमध्ये मी त्या मोज्याचा धागा जाळला. तो छान जळला. देवापुढच्या वातीसारखा, शेवटपर्यंत. सुतात थोडी लोकर असेल, तर ती फक्त लेबलपुरती होती.

घरी आल्यावर कुबडी घेऊन मी देवपूरला गेलो. दुकानाबाहेर नवा फ्लेक्स लागला होता. वर गोकुळचा वर्दीतला फोटो, खाली 'खान्देशच्या वीर पुत्रास अभिवादन' आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत नानांच्या दुकानाचं नाव.

नाना उठून उभे राहिले. "ये भाचा. बस. फार वाईट झालं बघ. चहा सांगतो."

मी म्हणालो, "चहा नको. तो इनर सुती होता."

"लेबलवर होतं ते मी विकलं. माल वरून येतो."

"तुम्ही बर्फात काय घालत होता?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

मग ते म्हणाले, "अरे, निम्मी पोरं घेतात ती गावात मिरवायला. खरंच घालून वर जाल, असं मला वाटलं नाही."

"आम्ही तुम्हाला सांगितलं होतं कुठे चाललोय ते."

"धंदा आहे, भाचा. तुला नाही कळणार."

मी काडेपेटी काढून त्यांच्या काउंटरवर ठेवली. म्हणालो, "ही तुमच्याकडेच ठेवा. यापुढे येणाऱ्या प्रत्येकाला द्या. आणि मला भाचा म्हणू नका." बाहेर येऊन मी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. ते दारात उभे होते, अडवायला आले नाहीत. फ्लेक्स गुंडाळून मी बरोबर घेतला. मग पोलिसांत तक्रार दिली. तिचं काय होतंय ते विचारायला मी अजून जातो.

धुळ्याच्या मुलांना मी हे सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "मग घ्यायचं कुणाकडून?" मी म्हणालो, कुणाकडूनही घ्या, पण धागा जाळून घ्या. जो रागावेल, त्याच्याकडून घेऊ नका. तो तुमचा सख्खा मामा असला तरी.

गोकुळच्या गावी मी उशिरा गेलो. अंगणात वेचणीचा कापूस पडला होता. त्याच्या आईला मी अक्का म्हणतो. इनरचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पायाकडे बघून तिनं विचारलं,

"त्याले भलती थंडी वाजनी का रे भाऊ?"

मी म्हणालो, "नाही, अक्का. शेवटी त्याला गरम वाटत होतं."