पुस्तकात नसलेलं कडवं

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. नाताळाची गाणी त्याहून लवकर बदलतात. माझं माहेर जालना शहरातलं. आमच्या चर्चमध्ये गाण्यांचं छापील पुस्तक होतं आणि त्यात असेल तेच खरं, अशी माझी पक्की समजूत होती. हसनाबादकडची मावशी नाताळाला आमच्याकडे यायची. तिच्या गाण्यात देवदूत मेंढपाळांना उठवण्याआधी त्यांच्या कुत्र्याशी बोलायचा. आम्ही बहिणी हसून लोळायचो. मावशी शांतपणे म्हणायची, "कुत्रा भुंकला नसता तर मेंढपाळ उठले असते का?" ह्याला पुस्तकात उत्तर नव्हतं, पण तेव्हा मला ते पुस्तकाचं उणं वाटलं नाही, मावशीचंच वाटलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझं लग्न झालं आणि मी वडीगोद्रीपासून आतल्या एका खेड्यात आले. आमची ख्रिस्ती घरं तिथं मोजकीच. पण नाताळाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला निघणारी गाण्याची फेरी अख्ख्या गावाची असायची. फेरीत पुढं गाणारी माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी विहिरीवरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला माणूस 'काय?' म्हणून वळायचा. माझ्याशी त्या वाईट नव्हत्या, गोडही नव्हत्या. शेजारणींशी बोलताना त्या मला 'जालनेवाली' म्हणायच्या. "जालनेवालीला इचारा", "जालनेवाली झोपली". मला ते लागायचं. घरात राबायचं, आणि नाव मात्र एस. टी.च्या पाटीवरचं. आपल्याला ह्या घरचं कधी म्हणणार, ह्याची मी मनातल्या मनात वाट बघत होते, आणि माझ्या स्वभावात वाट बघणं फारसं बसत नाही.

त्याच वर्षी, माझ्या सासरच्या पहिल्या नाताळाच्या तोंडावर, आत्याबाईंचा आवाज बसला. साधा बसला नाही, पार गेला. ओठ हलायचे आणि नुसता वारा यायचा. फेरी कोण नेणार, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला आभाळ ठेंगणं झालं. जालन्याच्या चर्चमध्ये मी पहिल्या रांगेत गाणारी. पुस्तकातलं एकूण एक कडवं मला पाठ होतं.

गॅसबत्ती पेटवून आम्ही निघालो. आमचे हे ढोलकीवर, मामा म्हणजे माझे सासरे झांजा घेऊन, मागं बायका. मी गायची आणि बायकांनी उचलायचं. सुताराच्या दारात आम्ही पुस्तकातलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले, सोनं, ऊद आणि गंधरस ठेवून गेले, गाणं संपलं. मी नाताळाच्या शुभेच्छा दिल्या आणि पुढं चालू लागले. सुतार आणि त्याची बायको दारातच उभी होती. हातात गूळ-शेंगदाण्याचं ताट होतं, पण त्यांनी ते पुढं केलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. कुंभाराच्या दारातही तसंच. बांगड्या विकणाऱ्या मनियाराच्या दारात त्याची बायको, सगळ्या गावाच्या चाची, बांगड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. गाणं संपलं तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी हसून नमस्कार केला. आम्ही भराभर सगळं गाव उरकून घरी आलो.

आत्याबाई गोधडी पांघरून चुलीपाशी बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी भुवया वर केल्या. इतक्या लवकर? मग मला जवळ बोलावून घशातून खरवडत विचारलं, "सुताराकडं काय म्हनलीस?"

"पुस्तकातलंच. सगळी कडवी."

"आन् पाळना?"

"कसला पाळणा?"

त्यांनी कपाळाला हात लावला. जुन्या ओळी बायका मला सांगतील, असं त्या धरून चालल्या होत्या.

मग आमच्या ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला कुठं तोंड लपवू असं झालं. ह्या गावात ज्ञानी लोकांचं कडवं झालं की गाणं संपत नाही. मग त्या त्या घराची ओळ येते. सुताराच्या दारात सुतार बाभळीचा पाळणा घेऊन गोठ्याकडे निघतो. मनियाराच्या घरून मरियेला बांगड्या जातात. कुंभार पाण्याचं मडकं देतो, वरच्या आळीतला शेतकरी योसेफासाठी हुरडा बांधून देतो. बाळंतिणीच्या नवऱ्याच्याही पोटाचा विचार करणारं ते गाव. ओळ गायली गेली की मगच ताट पुढं येतं. ज्याच्या दारात ओळ झाली नाही, त्याचं देणं बाळानं घेतलं नाही, असा अर्थ. आणि मी तर गावातलं एकेक दार वाळीत टाकून आले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी चिडून विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही सासू-सुनेनं मिळून काही ठरवलं असंल. तुमच्या मधी कोन पडंल?"

मागच्या बायकांनाही तसंच वाटलं होतं. पुढची जे गाईल ते म्हणायचं, एवढीच त्यांची रीत. मला रडू येत होतं आणि रागही. राग सगळ्यांवर होता, पुस्तकावरसुद्धा. त्यात ह्यांनी जाता जाता भर घातली. म्हणे, नव्या सुनेला पहिल्या नाताळाला तिची स्वतःची ओळ मिळते. गोठ्याकडे ती काय घेऊन जाते, ते सासू ठरवते. आत्याबाईंची स्वतःची ओळ त्यांच्या सासूनं केली होती.

"आणि माझी?"

"ते आईला म्हाईत."

आईचा आवाज गेलेला, आणि गावभर अपमान करून आलेली सून समोर. माझी ओळ ह्या जन्मी होत नाही, हे मी ओळखलं.

सकाळी उपासना आटोपताच सुताराचा निरोप आला. "यंदा आमचा पाळना नको झाला का?" चाची तर स्वतः आल्या. मला म्हणाल्या, "क्यों बेटी, हमारी चूड्याँ पसंद नै आयी क्या?" मी त्यांचे हात धरले. आत्याबाई मागून उठल्या, खुंटीवरची शाल घेतली आणि मला दाराकडे ढकललं. फेरी पुन्हा काढायची होती, दिवसाउजेडी, गॅसबत्तीशिवाय.

त्या दिवशी उपासनेला शहरातून पाळकसाहेब आले होते. ओळी म्हणजे काय ते कळल्यावर त्यांनी मामांना विचारलं, "शास्त्रात सुताराचा पाळणा कुठं आहे?" मामा म्हणाले, "साहेब, गव्हाणीत किती दिवस निजवायचं लेकराला?" पाळकसाहेब विचारात पडले आणि विचार करत करत आमच्यासोबत चालू लागले.

आत्याबाई ओळी दरसाल थोड्या बदलायच्या, त्यामुळे यंदाच्या फक्त त्यांनाच ठाऊक होत्या. त्या माझ्या कानाशी तोंड आणून एक ओळ पुटपुटायच्या आणि मी ती मोठ्यानं गायची. सुताराला नातू झाला होता म्हणून यंदा पाळण्याला घुंगरं आली. सुताराची बायको पदरात तोंड घालून हसली आणि ताट पुढं आलं. कुंभारानं मडकं वाजवून ताल धरला. चाचींच्या दारात मरियेच्या बांगड्या हिरव्या होत्या. चाचींनी भर रस्त्यात माझा हात ओढला, जुन्या बांगड्या मागं सारल्या आणि हिरवा चुडा भरला. वरच्या आळीत हुरड्याबरोबर चटणीही गेली, कारण त्या घरची चटणी गावात नावाजलेली. प्रत्येक दारातून आम्हाला हसत निरोप मिळत होता. माझ्या छातीवरचा धोंडा एकेका दारात हलका होत गेला. दुपारपर्यंत मला इतकं बरं वाटू लागलं की मी त्या ओळी पुस्तकातल्यापेक्षा चढ्या सुरात गाऊ लागले. पाळकसाहेबही बायकांच्या बरोबरीनं ओळी उचलत होते. शास्त्राचं नंतर बघू, असं त्यांनी ठरवलं असावं.

फेरी शेवटी आमच्याच दारात थांबते. तोवर मला लय सापडली होती. कानात आलेलं तोंडातून बाहेर पडत होतं, अर्थाकडे लक्ष नव्हतं. आत्याबाई कानाशी आल्या. त्यांच्या गरम श्वासाला लवंगेचा वास होता. त्यांनी सांगितलं आणि मी गायलं:

"आमच्या घरून निघाली सून, पाणी तापवाया."

मागच्या बायकांनी ओळ उचलली. त्यांच्या तोंडून ती परत आली तेव्हा कुठं मला कळलं, हे कुणाबद्दल चाललंय. आत्याबाईंचा आवाज बसल्यापासून सकाळ-संध्याकाळ मी त्यांना घशासाठी मिठाचं पाणी तापवून देत होते. त्या माझ्याकडे न बघताच भांडं घ्यायच्या. मला वाटायचं, भांडं कुणी दिलं हेही त्यांच्या ध्यानात नसावं. सोनं आलं, ऊद आला, पाळणा आणि बांगड्या आल्या, पण बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीसाठी चुलीपुढं कुणीतरी बसायला हवं होतंच. कुठल्याच पुस्तकात ते कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुढची ओळ कानात सांगितली. ती मला नीट ऐकू आली, पण गायचं सोडून मी त्यांच्याकडे वळले. ढोलकी थांबली. बायका माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा आत्याबाई माझ्या खांद्यावर हात टेकून पुढं झाल्या आणि त्या फाटक्या, वाऱ्यासारख्या आवाजात त्यांनी स्वतःच गायलं:

"तिच्या हातच्या पाण्यानं गं बाळ माझं न्हालं."