दसऱ्याची पूजा आणि सटाण्याची लाईन

"लाईन अप, प्रोटोकॉल डाउन." नाशिकच्या ऑफिसात मी स्क्रीनवर हे वाचलं आणि कपाळाला हात लावला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. एका पतसंस्थेची सटाणा शाखा नाशिकच्या मुख्य ऑफिसला जोडणारी जुनी लीज्ड लाईन आमच्याकडे मेंटेनन्सला होती. तीच बंद, शाखेचं काम ठप्प. आमचे दातार सर टेबलाशी येऊन म्हणाले, "अनघा, दुपारी त्यांची मीटिंग आहे. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं की नाही ते ठरणार. ते गेलं तर तुझी नोकरी मला वाचवता येणार नाही."

अशी लाईन सिंक्रोनस असते. म्हणजे दोन्ही टोकांचे राउटर एकाच ठेक्यावर बोलतात. ठेका मोडेम देतो, त्याला क्लॉक म्हणायचं. पण ठेका जुळला तरी बोलीही एकच लागते. ती म्हणजे एन्कॅप्सुलेशन. इथे ठेका मिळत होता, पण सटाणा भलतीच बोली बोलत होतं. कालपर्यंत दोघंही पीपीपी बोलायचे. राउटर आपणहून बोली बदलत नाही.

मी शाखाधिकारी बच्छाव साहेबांना फोन लावला.

"साहेब, राउटरला कोणी हात लावला का?"

"कोनी नाय लावला. तुमनीच लाईन खराब शे!" रागावले की साहेबांची अहिराणी बाहेर येते. "नाशिकवाल्यांना काय जमत नाय, असं आज मीटिंगमधी सांगणार हाय मी."

साहेबांना खोटं पाडून माझं काय भलं होणार होतं? मी आवाजात जरा गूळ घातला.

"ते जाऊ द्या. पूजा कशी झाली दसऱ्याची?"

"एकदम झकास! समद्या मशिनी सोताच्या हातानं पुसल्या."

"अरे वा! फोटो पाठवा की."

फोटो लगेच आला. झेंडूची माळ, हळदकुंकू, वर आपट्याची पानं. साहेबांनी राउटर पाठमोरा मांडून पूजला होता. माझं नशीब, कारण पोर्ट पाठीमागेच असतात. त्यातला एक सिरीयल पोर्ट नाशिकचा. दुसरा बंद झालेल्या उपशाखेचा. त्याची निकामी केबल काढायची राहून गेली होती. पुसताना साहेबांनी दोन्ही केबली उपसल्या आणि लावताना अदलाबदल केली. नाशिकची केबल दुसऱ्या पोर्टात, आणि त्या पोर्टाची बोली जुनी, एचडीएलसी.

तोंडावर सांगितलं असतं तर साहेबांनी केबल बदलली असती, पण मीटिंगमध्ये माझ्या नावाने शिमगा केला असता. म्हणून मी आमच्याच राउटरला एचडीएलसी बोलायला लावलं आणि उपशाखेच्या लाईनचा जुना आयपी पत्ता दिला. प्रोटोकॉल अप! "साहेब, इकडून झालं दुरुस्त," मी कळवलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन सरांसाठी चहासुद्धा मागवला.

चहा येईपर्यंत लाईन पुन्हा गेली.

"साहेब, आता काय केलंत?"

"काय नाय."

"खरं सांगा, साहेब. लाईन परत गेलीय." मग हळूच आवाज आला, "ताई, रागवू नका. तो फोटो ग्रुपवर टाकताना बघितलं, तर वायरी उलट्या लागलेल्या. तुम्हाला कशाला कळू द्यायचं, म्हणून गुपचूप सरळ केल्या."

मला हसूही येईना आणि चिडताही येईना. सटाणा पुन्हा पीपीपी बोलू लागलं होतं, म्हणून आमचा राउटरही मी परत पीपीपीवर आणला आणि पत्ता पूर्ववत केला. मीटिंग सुरू होण्याआधी लाईन चालू झाली.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. बच्छाव साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं म्हणे, "ताई हुशार हायेत. एकाच दिवसात लाईन दोनदा दुरुस्त केली."

तेव्हापासून मी एक नियम पाळते. समोरच्याची लाज राखायची असेल तर त्याला आधी सांगून राखावी. नाहीतर तोही तिकडे स्वतःची राखत बसलेला असतो.