सात नंबरची खुर्ची

आमची आत्या महाहट्टी. शिवणकाम सुटल्यावर तिने एका संस्थेची खोली सांभाळायला घेतली. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर असं आजाऱ्यांचं सामान तिथून फुकट वापरायला मिळायचं. काम झालं की परत आणायचं. बरे झालेले हसत यायचे. बाकीचे "बाबा गेले" असं कधी म्हणत नसत. "आता गरज नाही," एवढंच. आत्याही पुढे विचारत नसे. खुर्ची पुसायची, चाकांत तेल सोडायची.

सात नंबरची खुर्ची मात्र ती कोणालाच देत नसे. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या दादाने, शेवटचे आठ महिने तीत काढले होते. कोणी मागितली तर म्हणायची, "ब्रेक बिघडलाय." धडधडीत खोटं! दुपारी बंद खोलीत तिची चाकं करकरतात, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. खरं सांगू? मीही ऐकलं होतं.

मग मालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. आत्याने कंबर कसली, मलाही फरफटत नेलं. खोली वाचवायला सह्या गोळा करायच्या, त्याही नोंदवहीतल्या जुन्या पत्त्यांवर जाऊन. तिथेच चुकलं. आत्याला दारात पाहिलं की माणसांचे चेहरे उतरायचे. त्यांना तो दिवस आठवायचा.

एका सुताराने तर बायकोला आधी आत पाठवलं. "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. तुम्ही येऊ नका," म्हणाला आणि दार लावलं.

"त्याची आई गेली तेव्हा माझ्याच खांद्यावर रडला होता गं," म्हणत आत्या जिन्यातच बसली आणि रडली.

गरज सरो, वैद्य मरो! मी दारावर लाथच घालणार होते, तिने हात धरला.

साठ उंबरठे झिजवले, सह्या एकोणीस. मालकाने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी सगळं सामान एका दवाखान्यात गेलं. सात नंबर आम्ही घरी नेणार होतो. तेवढ्यात सुतार आला. मान खाली. बायको पडली होती, उठता येत नव्हतं.

"एखादी खुर्ची असेल का, मावशी?"

आता ही ब्रेकचं सांगणार, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. आत्या खाली बसली, चाकांत तेल सोडलं आणि म्हणाली, "ब्रेक चांगला आहे."

"परत कुठे आणू?" त्याने विचारलं. संस्थेची पाटी केव्हाच उतरवली होती.

आत्याने आमच्या घरचा पत्ता दिला. "पण घाई करू नका," म्हणाली.

चार महिने झाले. आमच्या घरात दुपारी करकर ऐकू येते, खुर्ची इथे नसूनही. दाराजवळ आत्याने खुर्चीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. रोज ती जागा पुसते. बेल वाजली की हातातलं फडकं तसंच धरून म्हणते, "तू बघ गं."

काल मी दार उघडलं, तर सुतार नव्हे, पेपरचं बिल घ्यायला माणूस आला होता.

"पेपरवाला आहे, आत्या!"

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या दादाच्या रिकाम्या जागेवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं.