बारा तुकड्यांतला आमचा सिनेमा

"अगं, सीडी कशाला आणायची? नेटवर फुकट हाय की. बारा तुकड्यांत हाय, पर समदा हाय."

शिक्रापूरच्या मंगल कार्यालयात, पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या बाई त्यांच्या जावेला सांगत होत्या. त्यांनी पिक्चरचं नाव घेतलं आणि माझा घास हातातच राहिला. तो आमचा सिनेमा होता. आमचा म्हणजे, आप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्यात पैसे घातले होते आणि त्यासाठी माझ्या नावाची ठेवही मोडली होती. आप्पा पलीकडच्या रांगेत पाहुण्यांना आग्रह करत फिरत होते. "बघितला का आमचा पिक्चर?" हे ते हल्ली प्रत्येक लग्नात विचारायचे. त्या बाई मला ओळखत नव्हत्या. मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

आम्ही दौंडला राहायचो. आप्पा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. मला त्यांनी हट्टानं इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे की काय कोण जाणे, आमच्यात बोलणं कमी होतं. ते त्यांच्या बोलीत काही विचारायचे, मी पुस्तकी मराठीत दोन शब्दांत उत्तर द्यायची, आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचो. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. फोन वाजला की दुसऱ्या कुणीतरी उचलावा म्हणून वाट बघायची.

सिनेमा काढला होता मांडवगण फराट्याकडच्या त्यांच्या बालमित्रानं. त्यांना मी काका म्हणायची. गोष्ट घोड नदीच्या काठानं मेंढरं घेऊन फिरणाऱ्या एका कुटुंबाची होती. आमचे आजोबा तसेच फिरलेले. आप्पा लहान असताना जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला जायचे. पडद्यावर सुरुवातीच्या पाट्या आल्या की वाचता येणारी माणसं नावं मोठ्यानं वाचायची, न येणारी ऐकायची. "एवढाल्ली अक्षरं," आप्पा हात पसरून दाखवायचे. नफ्याबद्दल ते कधी बोलले असतील तर मला आठवत नाही. नाव येणार, हे मात्र शूटिंग चालू असताना रोज म्हणायचे.

शिरूरला सिनेमा लागला त्या दिवशी आप्पांनी नवा शर्ट घातला होता. दिवे गेले, पाट्या सुरू झाल्या. मेंढरांचा मालक, जेवणवाला, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांची नावं आली. पैसे घालणाऱ्यांसाठी एकच ओळ होती: 'आणि सर्व हितचिंतक'. आप्पा खुर्चीत थोडे पुढे सरकून बसले होते. ती ओळ गेली तरी तसेच बसून राहिले. मध्यंतरात त्यांनी आम्हाला वडे आणून दिले, स्वतः खाल्ले नाहीत.

आठवड्यात सिनेमा उतरला. मग आत्याच्या मुलीचं लग्न आलं. आप्पांकडे सिनेमाची एक सीडी होती, भागीदारांना बघायला दिलेली. आप्पांनी शिरूरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून तिच्या प्रती काढून घेतल्या, आणि मानाच्या पाहुण्यांना टॉवेल, टोपी, नारळ आणि वर एक सीडी असा आहेर केला. "आपलाच पिक्चर, आपलेच पावणे," ते म्हणाले. पाहुणे खूश झाले. असा आहेर आमच्याकडे आधी कुणी केला नव्हता.

त्यानंतर शिक्रापूरच्या पंगतीत ऐकलेलं मी आप्पांना सांगितलं नाही. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात काकांचाच फोन आला. एका चॅनेलला सिनेमा दाखवायचा होता, पण त्यांच्या माणसानं नेटवर तो पाहिला. फुकट मिळतोय तर आम्ही विकत कशाला घेऊ, असं त्याचं म्हणणं. आधी तो तिथून काढा, मग बोलू. पैसे परत यायची तेवढी एकच वाट उरली होती.

"तुमच्या पोरीला इंग्लिश येतंय," काका म्हणाले. "माझ्या नावानं तक्रार करू द्या तिला."

दौंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तिघं गेलो. मी, आप्पा आणि त्यांचे दुसरे भागीदार, किराणा दुकानवाले मामा. कॅफेवाला आप्पांना बघून उठून उभा राहिला.

"आप्पा, लई भारी पिक्चर हाय तुमचा. मी तीनदा बघितला."

"शिरूरला?" आप्पांचा चेहरा उजळला.

"न्हाई, हितंच."

मामा हसले. "बघा आप्पा, तीन तिकिटं बुडवली आन् वर कवतिक करतोय. त्याच्याकडनं आज तासाचं पैसं देऊ नका."

मी पहिला तुकडा लावला. चित्राखालची रेघ हळूहळू भरत होती. आधी गणपती आला. मग गुलाबाची दोन फुलं कोपऱ्यांतून गिरक्या घेत आली आणि मध्ये एकमेकांना चिकटली. त्यांच्यावर पिवळ्या अक्षरांत 'सप्रेम भेट', आणि खाली आप्पांचं पूर्ण नाव, 'आणि समस्त परिवार, दौंड'. शूटिंगवाल्यानं आहेराच्या सीडींना, लग्नाच्या कॅसेटला लावतात तशी पाटी प्रेमानं जोडली होती. आम्ही घरी ती प्रत कधी लावूनच बघितली नव्हती.

"आयला!" मामा म्हणाले. "चोरीच्या मालावर तुमचंच नाव! आता पोलीस तुमालाच धरत्यात."

कॅफेवाला खो खो हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "मागं घे जरा," ते मला म्हणाले. मी रेघ मागं ओढली. गणपती, फुलं, नाव. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी खाली लोकांनी लिहिलेलं वाचू लागले. कुणी तरी आखातातून लिहिलं होतं, नदी दिसली, दोन वर्षं घरी गेलेलो नाही. कुणी विचारलं होतं, सिनेमातला तो वाडा अजून आहे का. एकानं फक्त आप्पांचं नाव लिहून आभार मानले होते. मी ते त्यांना वाचून दाखवलं. हळू आवाजात, पण दाखवलं.

"कुठला हाय त्यो?"

"लिहिलं नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली. पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काढ."

मी काकांच्या नावानं तक्रार लिहिली. सिनेमा आमच्या परवानगीशिवाय टाकला आहे, असं इंग्रजीत लिहिताना मला ती टॉवेल-टोपी दिसत होती. थोड्या दिवसांनी बाराही तुकड्यांच्या जागी राखाडी चौकट आली. आखातातला तो माणूस नंतर परत तिथं आला असेल का, त्यानं सिनेमा शोधला असेल का, असं मला अजून वाटत राहतं. कधीतरी मीच शोधते. गणपती येईल, फुलं येतील, म्हणून. आमच्याकडच्या सीडीवर ओरखडे पडले, ती आता चालत नाही.

तुकडे गेले त्या संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता. दाराजवळचा फोन वाजला. आत उचलायला दुसरं कुणी नव्हतं.

"शाब्बास, पोरी," काका म्हणाले. "बघितलं मी, समदं गेलं. आता चॅनेलवाल्याला उद्याच भेटतो. सुरुवातीच्या पाट्या परत करून मागतोय त्यो, जरा चकचकीत. बरं, आप्पांना दे फोन."

आप्पांनी ओट्यावरून हात पुढे केला. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. नेहमी मी इथं फोन देऊन आत जायची.

"काका," मी म्हणाले, "फोन नंतर देते. आधी मला सांगा, नव्या पाट्यांमध्ये आप्पांचं नाव कितव्या पाटीवर आहे?"