रेघ ओढली की हात लावायचा नाही

माहेरी तिला भिंगरी म्हणत. सासरी कुणी काही न सांगता सासूनेही पंधरा दिवसांत तेच नाव शोधून काढलं, यावरून काय ते समजा. बूड टेकवणं म्हणून जे असतं ते या बाईला जन्मात जमलं नाही. जेवताना दोनदा उठायची, झोपल्यावर तीनदा. पंखा जरा कुरकुरला की स्टूल ओढून वर. शेजाऱ्यांच्या दाराची बिजागरी वाजली की ही तेलाची बाटली घेऊन त्यांच्या उंबऱ्यात हजर, त्यांना हवी असो वा नसो. सासू म्हणायची, "हिच्या हातात तान्हं मूल दिलं तर ही आधी त्याचे स्क्रू शोधेल." सासूची जीभ तिखट होती, पण ती खोटं बोलायची नाही.

नशीब एवढंच की पोटापाण्याचं काम स्वभावाला धरून मिळालं. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकशेचाळीस शिलाई मशिनी, आणि त्या चालत्या ठेवणारी ही एकटी मेकॅनिक. सगळ्या मशिनी एकदम चालू असल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण सातव्या रांगेतल्या तिसऱ्या मशिनीची सुई तिरपी बसलीये हे हिला दारातूनच कळायचं. कान तिखट असण्याचं एक दुखणं मात्र असतं. जे वाजत नाही तेही ऐकू येतं. मग जिवाला चैन नाही, उघडून बघितल्याशिवाय घास गोड लागत नाही.

आणि अशा बाईच्या गळ्यात देवाने नवरा कोणता बांधावा? सर्व्हे ऑफिसात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. तेवीस वर्षं एका टेबलावर, एका खुर्चीत. घराला आग लागली तर हा आधी चपला सरळ लावून ठेवील आणि मग बाहेर पडेल, असं तिचा भाऊ म्हणायचा. जेवण कसं झालंय विचारलं तर "छान." सिनेमाला जायचं का? "बघू." त्याला मनापासून काय हवं असतं हे तिला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने कधी थांबून विचारलंही नाही. थांबायला वेळ कुणाला होता?

गाडीचं खूळ सहा वर्षांपूर्वीचं. इस्त्रीच्या मशिनीसाठी जुनी मोटर आणायला म्हणून ती भंगारवाल्याकडे गेली. तिथे अंगणाच्या कोपऱ्यात दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली एक स्पोर्ट्स कार पडली होती. इंजिन नाही, काचा नाहीत, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. भिंगरीने दार उघडून बघितलं, वाकून खालून बघितलं, आणि इस्त्रीची मोटर राहिली बाजूला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गाडी आली. पूर्वी बर्फाचं गोदाम होतं अशी एक खोली भाड्याने घेतली होती, तिथे ती ठेवली. नवऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कोंबड्या परत केल्यास ना?"

शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. वर्षातून एकदा तिथे हौशी लोकांच्या शर्यती व्हायच्या, त्यात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी एक वेगळी शर्यत, बारा फेऱ्यांची. तिला त्यात उतरायचं होतं. मागून ठोकलेल्या एका घरगुती गाडीचं इंजिन मिळालं. आतले गालिचे, मागचे पडदे, काचा वरखाली करायची यंत्रं, सगळं काढून टाकलं, कारण ट्रॅकवर प्रत्येक किलो महाग. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवावा लागतो. तो तिने तीनदा वाकवला, तीनदा कापला. कारखान्यातून सुटली की थेट गोदाम, रविवारी सकाळपासून गोदाम.

पण घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. संध्याकाळी जे घट्ट केलं ते सकाळी ही उघडायची. काहीतरी वाजल्यासारखं वाटलं म्हणून. दोन वर्षांत इंजिन अकरा वेळा उघडलं, त्यातलं नऊ वेळा उगाच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, ही तर भरल्या कामात लावत होती. नटांचे आटे झिजायला लागले. मग एका रविवारी नवरा पिवळ्या रंगाची छोटी बाटली आणि बारीक ब्रश घेऊन आला.

"ट्रॅकवाले लोक असं करतात म्हणे," तो म्हणाला. "नट घट्ट झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. उघडून बघायला नको."

"मग ओढते की."

"तू नाही. तू घट्ट करायचं, रेघ मी ओढणार. आणि एकदा रेघ ओढली की हात लावायचा नाही."

तिने कबूल केलं. त्यानंतर चार वर्षं हा नेम चालला. ती ठरल्या ताकदीला आल्यावर टक् वाजणारा पाना लावायची, टक् झालं की बाजूला व्हायची, आणि तो गुडघे टेकून रेघ ओढायचा. दोनशेहून जास्त नट, दोनशेहून जास्त रेघा, सगळ्या केसासारख्या बारीक आणि सरळ. एकदा हट्टाने तिने ओढून बघितली होती. मुंगी रंगात बुडून चालत गेल्यासारखी दिसत होती.

गाडी चालवायची तिनेच, हे उघड होतं. पण सरावाच्या दिवशी ती तीनदा गरगर फिरून गवतात गेली. वळणावर गाडी सरळ जात असली तरी हिचा हात स्टिअरिंगवर काहीतरी दुरुस्त करायचाच. दुपारी थट्टेथट्टेत नवऱ्याला बसवलं. त्याने तीन फेऱ्या मारल्या. घड्याळ बघणाऱ्याने घड्याळ हलवून पुन्हा बघितलं, कारण तो तिच्यापेक्षा सहा सेकंदांनी वेगवान होता. तो काही करतच नव्हता, हेच त्याचं कसब. भिंगरी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सीट त्याच्या उंचीला बसवली.

"चालवाल?" तिने विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

आपल्याखातर चालवतोय बिचारा, असं तिने धरलं, आणि तेच मनात पक्कं बसलं.

पहिल्या वर्षी पिंजऱ्याचा पाइप पातळ म्हणून तपासनिसाने परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी सरावातच इंजिन तापून बसलं. यंदा सगळं जुळून आलं होतं. पण पुढच्या महिन्यापासून धावपट्टीवर गोदामं उभी राहणार होती, म्हणजे ही तिथली शेवटची शर्यत. आसपास दुसरा ट्रॅक नव्हता. आज नाही तर नाहीच.

सकाळी सहाला पोहोचले. गाडी ट्रेलरवरून उतरवताना पुढच्या डाव्या चाकाकडून 'कट्' असं काहीतरी वाजलं. की वाजलं नाही? नवरा चहा आणायला गेला होता. भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली. ती गाडीखाली आडवी झाली. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांडीचा नट, त्यावरची सरळ पिवळी रेघ शाबूत. रेघ शाबूत म्हणजे विषय संपला. तिला हे माहीत होतं, आणि तरी तिने पाना लावला. नट काढला, आत बघितलं, काही नव्हतं. हाताने परत बसवला. आता पाना घेऊन टक् करायचं, तेवढ्यात तपासनिसाची हाक आली, "एकतीस नंबर, कागद घेऊन या."

ती कागद घेऊन पळाली. परत आली तर समोरून नवरा दोन कप घेऊन येत होता. चोरी पकडली जाईल म्हणून तिने घाईघाईने त्या नटावर ब्रश फिरवला आणि बाटली फडक्याखाली सारली.

"काय करतेस?"

"काही नाही. पुसतेय."

लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने खूप काही उघडलं-मोडलं होतं, पण खोटं बोलली ती पहिल्यांदा. चहा तसाच गार झाला.

पुढे सगळी पळापळ. टायरमधली हवा मोजायचा मीटर घरी राहिला होता, तो मागायला ती पार शेवटच्या तंबूपर्यंत गेली. आली तेव्हा नवरा फडकं घेऊन गाडी पुसत होता. मग हेल्मेट, हातमोजे, पट्टे. पट्टे तिने स्वतः आवळले. तो म्हणाला, "श्वास घेऊ दे की." गाड्या रांगेने निघाल्या. ओळखीची एक फेरी हळू मारायची, सुरुवातीच्या रेषेवर येऊन थांबायचं, आणि मग झेंडा पडणार.

ती कठड्याशी उभी राहिली आणि पहिल्यांदाच त्या सकाळी तिचे हात रिकामे झाले. तेव्हा तिला आठवलं. टक्. तो आवाज आज आला होता का?

कागद घेऊन पळण्याआधी पाना हातात घेतला होता, हे नक्की. परत आल्यावर ब्रश घेतला, हेही नक्की. मध्ये टक् झालं होतं का? एकशेचाळीस मशिनींमधून एक सुई ऐकणाऱ्या बाईला आपल्याच हातातल्या पान्याचा आवाज आठवेना. झालं असेल. हाताला सवय आहे, आपोआप झालं असेल. आणि नसेल झालं तर? पहिली सरळ वाट संपते तिथे उजवं वळण आहे, सगळा भार त्या डाव्या चाकावर येतो. बोललं तर सहा वर्षं पाण्यात, चारचौघांत शोभा, आणि नवऱ्याला कळणार की आपण नेम मोडला आणि वर थापही मारली. नाही बोललं तर कदाचित काहीच होणार नाही. ती जागच्या जागी फिरली, पुन्हा फिरली. गाड्या परत येऊन रेषेवर लागत होत्या. एकतीस नंबर चौथ्या जागेवर येऊन अगदी सरळ थांबली.

ती कठडा ओलांडून झेंडेवाल्याकडे धावली. "एकतीस थांबवा."

"बाई, मागे व्हा."

"ती गाडी मी बांधलीये. पुढचा नट सैल आहे. बहुतेक."

"बहुतेक?" झेंडेवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. माणूस भला होता. "एकदा बाहेर काढली की परत आत घेता येत नाही. बघा, काय करू?"

"काढा," ती म्हणाली.

एकतीस नंबर ढकलत बाजूला आणली. झेंडा पडला, आणि उरलेल्या सतरा गाड्या कान बधिर करत निघून गेल्या. तपासनीस गाडीखाली गेला, पाना लावला. टक्. पुन्हा लावला. टक्.

"दगडासारखा घट्ट आहे हो," तो खालून म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

भिंगरी वाकली. नटावर पिवळी रेघ होती. केसासारखी बारीक, सरळ. आजूबाजूच्या लोखंडावर पुसलेल्या रंगाचा पिवळट डाग होता. ही रेघ तिची नव्हती.

नवऱ्याने हेल्मेट काढलं होतं. तपासनीस निघून गेला.

"कधी केलंत?" तिने विचारलं.

"तू मीटर आणायला गेलीस तेव्हा. तुझी रेघ दुरून कळते."

"सैल होता?"

"पाऊण फेरा फिरला."

ती तिथेच जमिनीवर बसली. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू बाकीचे दोनशे उघडले असतेस." हे खरं होतं. "आणि तू का नाही सांगितलंस, सकाळी?"

गाड्या समोरून गेल्या, पहिली फेरी. तो त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला. पुन्हा आल्या, पुन्हा तसंच. त्याची समजूत घालावी म्हणून, आणि थोडी आपलीही, ती म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला तरी कुठे एवढी हौस होती. माझ्याखातर चालवत होतात."

तो वळला. हातातलं हेल्मेट त्याने जमिनीवर आपटलं. त्याला काही आपटताना तिने कधी बघितलं नव्हतं.

"कोण म्हणालं तुला?" त्याचा आवाज चढला, पलीकडच्या तंबूतल्या लोकांनी माना वळवल्या. "ऑफिसात बसून रोज ही वळणं घेतलीत मी. रोज. मला चालवायची होती. एवढी एकच गोष्ट मला करायची होती."

मग तो पुन्हा कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. भिंगरी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चुकले, एवढा एक शब्द म्हणायला तिला बाराव्या फेरीपर्यंत वेळ लागला. तो त्याने ऐकला, पण ट्रॅकवरची नजर काढली नाही.