थोरल्याची झोप
सभेच्या मांडवात एखादी खुर्ची करकरली की मला त्र्याहत्तर सालची आष्ट्याची दुपार आठवते. अंगणभर शिजवलेल्या हळदीचा वास होता. विमान चालवणारा थोरला भाऊ नोकरी टांगणीला लावून घरी आला होता. लांबच्या उड्डाणात वैमानिकांनी आळीपाळीने झोपायची खुर्ची मागे कलतच नव्हती. दर वेळी तो तक्रार लिही, दर वेळी ‘दुरुस्त’ असा शेरा येई आणि खुर्ची तशीच राही. शेवटी त्याने उड्डाणच नाकारलं. फौजेतून निवृत्त झालेले आमचे वडील भडकले, “खुर्चीपायी हुकूम मोडलास व्हय रं?” भाऊ हळूच म्हणाला, “आबा, इमान उतरवताना माझा डोळा लागला हुता. जोडीदारानं सावरलं. मागं शंभर माणसं हुती.” आबांनी उठून घोंगडी अंथरली. मी रागाने कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं, तोच पोस्टमन पत्र घेऊन आला: खुर्ची नवी बसवली आहे, सोमवारी कामावर रुजू व्हा. पत्र वाचता वाचताच भाऊ घोंगडीवर आडवा झाला आणि घोरू लागला. आबा दारात पहाऱ्याला बसले. “लिव तुजं पत्रक, पर कागद वाजवू नगंस,” मला म्हणाले. विश्रांतीच्या हक्कावर मी पुढे पुष्कळ लिहिलं. पण त्या दुपारी आबांनी कोंबड्यासुद्धा हाताच्या खुणेने हाकलल्या, तितकं नेमकं मला अजून लिहिता आलेलं नाही.