चौदा नंबरच्या ज्वारीचा स्कोअर

दुपारचे दोन वाजल्ते. चौदा नंबरच्या प्लॉटमधल्या ज्वारीची पानं सुरळी होऊन उभी होती अन् मला लई बरं वाटून राह्यलं होतं. रजिस्टर काढलं आणि चौदाच्या पुढं पाच लिहिले. आमच्यात पाच म्हणजे सगळ्यात वाईट.

चौदा नंबरची जात सुषमा मॅडमनं, आमच्या कंपनीतल्या शास्त्रज्ञ बाईंनी, काढलेली. मी बियाण्याच्या एका कंपनीत, बदनापूरजवळच्या फार्मवर बावीस वर्षं सुपरवायझर आहे. मॅडम येऊन तीनच वर्षं झाली. मला काका म्हणतात. नऊ नंबर माझी, सात वर्षं एकेक कणीस निवडून तयार केलेली. कंपनीचे मालक, शेठजी, त्या वर्षी दोन्हींतली एकच जात पुढं, शेतकऱ्यांच्या रानात पाठवणार होते. दुसरी बंद. मला रिटायर व्हायला दोन वर्षं उरल्ती. पुन्हा नवी जात उभी करायला तेवढ्यात होत न्हाई.

त्यात शेठजी फार्मवर आले की पहिलं विचारायचे, "मॅडम का क्या कहना है?" आधी हे मला विचारायचे. सरळ सांगतो, मी जळत होतो. मॅडमनं डब्यातली धपाटी पुढं केली तरी घशाखाली उतरत नव्हती.

आता स्कोअर काय असतो ते सांगतो. आमच्याकडं रब्बीची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर वाढते. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी उडून जातं. ऊन तापलं की ज्वारी पान गुंडाळून घेते, म्हणजे पाणी कमी उडतं. ही झाडाची अक्कल, आजार न्हाई. खरी परीक्षा सकाळी. रात्रभर मुळं खालून ओल ओढतात. सकाळी पान उघडलं तर झाड ठणठणीत. तेव्हाही गुंडाळलेलंच असलं तर मुळांना ओल मिळून न्हाई राह्यली. म्हणून स्कोअर, म्हणजे पान किती गुंडाळलंय त्याचा एक ते पाच आकडा, सकाळी सातलाच घ्यायचा. फार्मवर हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला.

आणि मी काय केलं? नऊचा स्कोअर सकाळी घेतला, चौदाचा दुपारी. आकडा एकही खोटा न्हाई. फक्त वेळेचा रकाना कोरा सोडला.

निंदणीवरच्या कौसामावशींनी पाहिलं. "साहेब, चौदाची पानं सकाळी चांगली उघडी असत्यात की."

"मावशी, तुम्ही खुरपं चालवा," मी म्हणलो.

शेठजींनी मीटिंग घेतली. नऊला तीन, चौदाला पाच. मॅडम भांडतील म्हणून मी चार उत्तरं तयार करून गेल्तो. त्या जालन्याच्या लॅबमध्येच जास्त असायच्या, प्लॉट त्यांनी सकाळचा पाहिलेला नव्हता. त्या रजिस्टर पाहून म्हणल्या, "काकांचा स्कोअर आहे म्हणजे बराबरच असणार. सकाळीसुद्धा पानं उघडत नसतील तर ठेवून काय उपयोग? कापून जनावरांना टाका."

माझी चारही उत्तरं वाया गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कौसामावशी विळा घेऊन चौदाच्या बांधावर आल्या. पानं हातभर पसरलेली होती. शेजारी माझी नऊ अजून अर्धी मिटलेली. जळणं कमी झालं असं म्हणणार न्हाई. उलट वाढलं, कारण मॅडमची जात खरंच चांगली होती. पण विळा चालवा म्हणायला जीभ उचलंना. मावशींना थांबवलं आणि शेठजींना फोन लावला.

"शेठजी, चौदाचं रीडिंग दुपारचं आहे."

"और नौ का?"

"सकाळचं."

शेठजी म्हणले, "बाईस साल में पहली गलती की आपने."

"गलती न्हाई. जाणूनबुजून केलं."

ते रागावले न्हाईत. आठवडाभर रोज सकाळी मॅडमसोबत दोन्ही प्लॉटचा स्कोअर घ्यायला लावला. चौदाला एक आला, नऊला तोच तीन. नऊ बंद झाली. मॅडम तेवढे दिवस कामापुरतं बोलल्या. शेवटच्या दिवशी म्हणल्या, "काका, वेळ टाकत जा." बस, एवढंच.

शेठजींनी शिक्षा मात्र शोधून दिली. घनसावंगीकडच्या शेतकऱ्यांच्या रानात चौदा लावली आणि देखरेख माझ्याकडं. बरोबर दुपारी फोन येतात. "साहेब, ज्वारी सुकून राह्यली, जल्दी या." मी सांगतो, सकाळी सातला बघा. मंग सकाळी त्यांचा फोन येतो.

"उघडली साहेब. भारी जात काढली तुम्ही."

दर वेळी सांगतो, "मी न्हाई. सुषमा मॅडमनं."

एका हंगामात हे वाक्य पंधरा-वीसदा तरी बोललो. अजून सवय झाली न्हाई.